एक दिवस कमी

"बॅकअप घेतलाय, ताई. बिनधास्त फॉरमॅट मारा आणि सगळं परत भरा," कानामागची अडकायला लागलेली स्मृतिचिप दाखवत भास्करराव टिळेकर म्हणाले.

वीस वर्षांत नलिनीताईंच्या दुकानात कुणाची एकही आठवण हरवली नव्हती. मोजल्याशिवाय त्या पुसतच नसत. त्यांनी आधी चिपमधले दिवस मोजले, मग बॅकअपमधले.

"एक दिवस कमी भरतोय."

"मुद्दाम वगळलाय. धाकट्या भावानं भर मांडवात माझा अपमान केला, तो दिवस. जाऊ दे पुसून."

"पुसते की. पण उद्या भाऊ माफी मागत दारात उभा राहिला, तर त्याला कशाबद्दल माफ कराल?"



"घ्या तोही दिवस बॅकअपमध्ये," भास्करराव म्हणाले. "पुसायला आम्ही दोघं मिळून येऊ."