ज्वारीची राखण

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आप्पासाहेब गच्चीवर बंदूक घेऊन उभे होते. जानेवारीतलं धुकं कात्रजच्या डोंगरावरून उतरून घरापर्यंत आलं होतं. नळीचं तोंड समोरच्या अकरा मजली सोसायटीकडे होतं.

"आप्पा, काय करताय?" सून शेफालीने जिन्यातूनच विचारलं.

"ज्वारीवर पाखरं बसलीत."

त्या जागेवर शेवटची ज्वारी पेरली त्याला सव्वीस वर्षं झाली होती. पण धुक्यात इमारत दिसत नव्हती. वर चारदोन दिवे तरंगत होते आणि खाली सगळं पांढरं, हलकं हलत होतं. तिकडे शेत असावं, असं क्षणभर शेफालीलाही वाटलं.

तिने हळूच बंदूक काढून घेतली. मागून तिचा नवरा रणजित आला. त्याने बंदूक मधून उघडून पाहिली. आत काडतूस नव्हतं. रिकाम्या नळीकडे तो बराच वेळ पाहत राहिला.

खंडेनवमीला चापाला लावलेलं कुंकू पुढच्या खंडेनवमीपर्यंत पुसायचं नाही, हा घरचा रिवाज होता. आता चाप कोरा होता.

"तुमच्या हाताला कुंकू लागलं असेल बघा," शेफाली म्हणाली.

आप्पांनी दोन्ही तळवे पुढे केले. स्वच्छ होते.

"उडाली पाखरं," ते म्हणाले.

दिवाळीपासून हे असं चाललं होतं. आप्पा मधल्या खोलीच्या दाराबाहेर सतरंजी टाकून झोपायचे. ऑगस्टपासून त्या खोलीत रणजित एकटा झोपत असे. सकाळी त्याला आप्पांना ओलांडूनच बाहेर यावं लागे. विचारलं तर आप्पा म्हणत, "राखणीला बसलोय."

नऊ वाजता आप्पांचे धाकटे भाऊ हिंमतराव आले. गच्चीवरची बातमी त्यांच्यापर्यंत दूधवाल्याकडून पोचली होती.

"पोलिसात द्यायची? तीन पिढ्यांची बंदूक हाय," शेफालीचा बेत ऐकून ते म्हणाले. "आप्पाचं वय झालं, तर परवाना रणजितच्या नावावर करू. कपाटाची किल्ली त्याच्याकडं ठिवा. मिटलं."

"मला चालेल," रणजित म्हणाला. सकाळपासून तो पहिल्यांदाच बोलत होता.

"मला नाही चालणार," शेफाली म्हणाली. "बंदूक घरात राहिली तर मी अपेक्षाला घेऊन आजच कर्वेनगरला आईकडे जाते. उद्या त्यांना ज्वारीत माणसं दिसली तर?"

"आन खंडेनवमीला पुजायचं काय? विळी?"

"पुजा ना काका. घरात रोज चालणारं तेवढं एकच शस्त्र आहे."

हिंमतरावांनी चहा बशीत ओतला आणि त्यावर फुंकर घालत बसले.

अपेक्षा कॉलेजची बॅग अडकवून दारात थांबली होती. "पण आई, काल आजोबांनी मला चेसमध्ये हरवलं. दोनदा!"

"असंच असतं गं या आजारात. मधेच लख्ख, मधेच धुकं."

आप्पा खिडकीशी बसले होते. बाहेर ऊन पडलं होतं आणि सोसायटी पुन्हा जागेवर आली होती.

"रणजित," ते म्हणाले, "बंदूक गेली तर राखण कोण करंल?"

रणजितची नजर टेबलावर ठेवलेल्या कपाटाच्या किल्लीवर होती.

"बोल की. कोण करंल?"

"मी करीन, आप्पा."

"रोज?"

रणजितने टेबलावरची किल्ली बोटाने थोडी सरकवली. "रोज."

"सुगी सरली की पोरं निघून जातात. तू जायचा न्हाईस?"

"नाही जायचा."

"हिंमत, तू साक्षीला हायस."

"हाय की," हिंमतराव म्हणाले आणि शेफालीकडे बघून त्यांनी मान हलवली. भावाचं आता काही खरं नाही, असं त्यांना म्हणायचं होतं.

मग आप्पांनीच किल्ली उचलली आणि शेफालीच्या हातावर ठेवली. "देऊन टाका."

गाडी शेफालीने चालवली. रणजित मागे बसला. ऑगस्टमध्ये घाटात अपघात झाला तेव्हा गाडी तो चालवत होता आणि शेजारच्या सीटवर त्याची आई, आनंदीबाई, होती. ती जागीच गेली; त्याला खरचटलंही नव्हतं. त्यानंतर त्याने स्टिअरिंगला हात लावला नाही, आणि घरात त्याला कुणी एक शब्द विचारला नाही.

पोलीस ठाण्याच्या फाटकाशी आप्पा म्हणाले, "पोरगा गाडीतच बसू दे. सूनबाई येईल."

ठाणे अंमलदाराने परवाना पाहिला, बंदुकीवरचा नंबर ताडून घेतला आणि कोरा अर्ज पुढे केला. शेफालीने हलक्या आवाजात त्याला गच्चीवरचा प्रकार सांगितला. आप्पांना विसर पडतो, अर्ज आपण लिहून देऊ, असंही ती म्हणाली.

"परवाना माझ्या नावावर हाय," आप्पा म्हणाले. "मीच लिवतो. तू जरा रणजितला पाणी नेऊन दे."

ती बाटली घेऊन बाहेर गेली. आप्पांनी चष्मा पुसला आणि न थांबता लिहिलं. मग खिशातून रुमालाची एक छोटी पुरचुंडी काढून टेबलावर ठेवली.

बारा वाजून दहा मिनिटांनी अर्ज दाखल झाला. अंमलदाराने तो एकदा वाचला, पुरचुंडी सोडून पाहिली आणि पुन्हा वाचला. 'कारण' या शब्दापुढे सरळ ओळीत, ठाशीव अक्षरात लिहिलं होतं: "दिवाळीत चापावरचं कुंकू पुसलेलं दिसलं. मी पुन्हा लावलं, ते पुन्हा पुसलं गेलं. काल संध्याकाळी नळीत काडतूस होतं. मी भरलं नव्हतं. ते काढून सोबत जोडलं आहे. माझी स्मृती शाबूत आहे, हे कृपया मुलाला कळू देऊ नये."