गोधडीचा घास

"आत्या, तुम्हाला सुई ओवता येईना. बाळाला बाजारातलं ब्लँकेटच आणते," सून वर्षा सकाळी म्हणाली होती.

सरलाबाईंनी चाचपडत सुई ओवलीच. शेजारच्या कारखान्यातले कापडाचे लूम खडखडत होते. सुरतेजवळच्या उधन्यातल्या आपल्या खोलीत त्यांनी जुन्या लुगड्यांची गोधडी दुपारपर्यंत शिवत आणली. चिंधी मांजर खिडकीत बसून बघत होती.

एकच कोपरा उघडा राहिला. माहेरी धुळ्याकडे आई म्हणायची, "गोधडी उपाशी मिटू नये, माय." सरलाबाईंनी आत ठेवायला भाकरीचा तुकडा मोडून घेतला.

तेवढ्यात गोधडी गुरगुरली. ऊन लागलेलं मांजर गुरगुरतं ना, तशी, अगदी सुखाने.

"चिंधीला उठवा की गोधडीवरून!" वर्षा दारातून म्हणाली.

चिंधी खिडकीतच होती. तिची शेपटी फुगली होती.

सरलाबाईंनी घास आत सरकवला. आतून कुणीतरी तो हळूच घेतला आणि ऊबदार, खरखरीत जिभेने त्यांची बोटं चाटली.

सरलाबाईंनी शेवटचा टाका घट्ट ओढला, गाठ मारली आणि ताठ मानेने सुनेकडे पाहिलं.

"आण बाळाला. अशी ऊब मिळते का तुझ्या बाजारात?"