सूप कोण पातळ करतं?

सूप आजही पातळ झालेलं पाहून मुलीचा पारा चढला. वडिलांना अर्धांगवायू होऊन दोन महिने झाले होते. गिळताना पातळ काहीही फुप्फुसात जायचं, म्हणून पाणीसुद्धा बंद. मागच्याच आठवड्यात न्यूमोनियातून जेमतेम वाचले होते. पुन्हा झालं तर काही खरं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"मावशी, पाणी घातलंत ना?"

"घातलं असेल तर हात झडोत माझे!" वडिलांना सांभाळणाऱ्या मावशी म्हणाल्या. "चांगलं कॉर्नफ्लोअर लावून चमचा उभा राहील असं केलं होतं, ताई. सर म्हणाले, गार होऊ दे. त्यांच्याजवळ ठेवलं नि कपडे वाळत घालायला गेले. येऊन बघते तर हे! अजून एक घास भरवला नव्हता."

मुलगी रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये कामाला. तिला तोंडी शपथा काय पटणार? तिने त्या पातळ सुपाचे दोन भाग केले. एक उकळून गार केला, दुसरा तसाच ठेवला. मग दोन्हींतलं चमचा-चमचा सूप ताज्या घट्ट सुपाच्या दोन वाट्यांत ढवळलं.

अर्ध्या तासाने उकळलेल्याची वाटी घट्टच होती. दुसरी पाण्यासारखी.

हा प्रयोग तिला वडिलांनीच शिकवलेला. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं त्यांनी. लाळेतलं एन्झाइम स्टार्च पचवतं, उकळलं की ते निकामी होतं. नुसतं पाणी असतं, तर दोन्ही वाट्या सारख्याच राहिल्या असत्या.

"म्हणजे आधी तुम्ही खाता," ती म्हणाली, "आणि उष्टा चमचा परत वाटीत."

"सरांना मी उष्टं देईन?" मावशी म्हणाल्या. डोळे पुसत त्या पिशवी भरू लागल्या.

मुलीला वाईट वाटलं. बाईंनी जीव लावला होता. पण बाबांच्या जिवापुढे कसली भीड?

ती वडिलांच्या खोलीत गेली. "ऐकलंत ना, बाबा? तुमचाच प्रयोग. आता तरी पैकीच्या पैकी द्या!"

वडील हसले नाहीत. त्यांनी धडधाकट राहिलेला डावा हात उचलला. एकेक शब्द ओढून काढावा लागत होता.

"तिला थांबव. लाळ माझी आहे. तहान लागते गं मला."