चिखलात रेवा

वैजयंती करंजाच्या झाडाआड उभी होती. जन्मल्यावर महिनाभर काचेच्या पेटीत राहिलेली तिची रेवा आज पहिल्यांदाच बालवाडीच्या मुलांबरोबर ओढ्यावर आली होती. घरी वैजयंतीने तिला कधी मातीला हातही लावू दिला नव्हता.

मुलं ओढ्याकाठी शंख शोधत होती. तेवढ्यात रेवाचा पाय घसरला आणि ती चिखलात पालथी पडली.

वैजयंती धावलीच. पण बालवाडीच्या बाईंनी तिचा हात धरला. "थांबा जरा. उठेल ती."

रेवा उठून बसली. नाकातोंडाला चिखल. तिने आपले बरबटलेले हात निरखून पाहिले आणि खिदळत शेजारच्या मुलीला म्हणाली, "कसलं गार आहे! चल, आपण दोघी पडू या!"

डोळे पुसत वैजयंतीने विचारलं, "बाई, उद्या कुठे नेणार मुलांना?"