वजन बाजूला ठेवून

"मुलीचा बाप बॉक्सिंगवेडा आहे ना, मामा? मग लग्न जमलंच समजा!" असं छातीठोकपणे सांगून, सन बावन्नच्या एका रविवारी नंदकिशोर मुलुंडला कुंदाला बघायला गेला.

कुंदाचे अण्णा अडून बसले, "जगात एक नंबर जो लुईच!"

"अहो, तो पडला हेवीवेट. सगळ्यांना एकाच वजनाचं धरा, मग शुगर रे रॉबिन्सनपुढे कोण टिकतो सांगा!" नंदकिशोरने तासभर किल्ला लढवला. शेवटी अण्णांनी हात टेकले.

"मानलं, जावईबापू! आता त्याचा तो डावा ठोसा दाखवा बघू."

नंदकिशोरने उठून, बाही सरसावून झकास ठोसा फिरवला. कुंदा नेमकी तेव्हाच पोह्यांच्या बशा घेऊन त्याच्या डाव्या बाजूने आली.



पुढच्या मे महिन्यात कुंदाचं लग्न झालं, तिचे पुढचे दोन दात बसवून देणाऱ्या डॉक्टरशी.