शेवटच्या पानावरची पिन

"आजोबा, गोष्टीतला संघ जिंकला! शेवटच्या फटक्यावर होमरन! चेंडू मैदानाबाहेर आणि गडी पळत पूर्ण फेरी मारून परत!" शेजारची इरावती माझ्या बायकोची बेसबॉलची कादंबरी नाचवत आत आली.

बायको खुणेसाठी पानाला केसांची पिन लावायची. ती गेली तेव्हा पिन पुस्तकाच्या मध्यावर होती. पिन हलवायची नाही, असं बजावूनच मी ते इरावतीला दिलं होतं.

आता पिन शेवटच्या पानावर होती.

"हलवलीस?" माझा आवाज चढला.

"मग? मी पुढे जायचं आणि आजींनी तिथेच अडकायचं? कोण जिंकलं ते त्यांना नको कळायला?"

मी स्वयंपाकघरातून लाटणं आणलं. "शिकव मला."

तिने मोज्यांचा बोळा करून फेकला. मी फटका मारला. बोळा बायकोच्या फोटोवरून थेट माळ्यावर गेला.

"पळा, आजोबा, पळा!"

मी पळालो.