सैल सोडलेला हात

“तू मदत करतोयस, दादा,” धाकटा म्हणाला. “करू नकोस.”

रंगारी पलंगावर उताणा पडला होता. हात अडकवायची गळ्यातली झोळी काढून बाजूला ठेवलेली, उजव्या दंडाखाली घडी घातलेला टॉवेल. धाकट्याने एका हाताने त्याचं कोपर तोललं होतं, दुसऱ्याने मनगट. हात सावकाश उचलायचा, सरळ छताकडे झाला की थांबायचं, तसाच सावकाश खाली आणायचा. असं दहा वेळा.

“मी कुठे काय करतोय?”

“हलका लागतोय हात. हलका लागला म्हणजे तूच उचलतोयस.”

ते खरं होतं. खांद्याचा फाटलेला स्नायू डॉक्टरांनी हाडाला शिवला, त्याला आज सतरा दिवस झाले होते. तो धरेपर्यंत या हाताने आपणहून काही म्हणजे काही करायचं नव्हतं. कप उचलायचा नाही, दार ढकलायचं नाही, पलंगावर रेटा देऊन उठायचं नाही. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी निक्षून सांगितलं होतं, “हा हात तुमचा नाहीच असं समजा. जो हलवेल त्याचा तो.”

रंगारी बाकी सगळं इमानेइतबारे करत होता. मऊ चेंडू दाबायचा, मनगट फिरवायचं, टेबलाला डावा हात टेकून वाकायचं आणि उजवा लोंबता सोडायचा. सकाळी बायको व्यायाम द्यायची तेव्हा हात ओल्या कापडासारखा तिच्या हातात पडायचा. ती कामावर गेली की दुपारी तीनला धाकटा यायचा, आणि हात आखडायचा.

का, ते तिघांनाही ठाऊक होतं. महिन्यापूर्वी रंगारी एका घराच्या छताला रंगाचा शेवटचा हात देत होता आणि खाली शिडी धाकट्याने धरली होती. धाकट्याने क्षणभर मागे वळून बघितलं. तेवढं पुरलं, शिडी सरकली. दवाखान्यात रंगाऱ्याने “पाय घसरला” एवढंच सांगितलं. बायकोने ते ऐकून घेतलं. तेव्हापासून ती कामावरून आल्यावर धाकट्याला चहा द्यायची, पण त्याच्या तोंडाकडे बघायची नाही.

“दुखतंय?”

“नाही.”

“दुखलं तर लगेच बोल. ताणायचं नाही, बाई म्हणाल्यात.” धाकट्याने हात जपून टॉवेलवर टेकवला. कपाळावरचा घाम बाहीला पुसला. “दादा, मी वहिनीला सांगतो. दुपारचंही तीच करू दे. रजा मिळेल तिला. माझ्यामुळे टाका निसटला तर…”



रंगारी छताकडे बघत होता. खिडकीबाहेर कुणीतरी पाण्याने भरलेली बादली ठेवली होती, तिच्या पाण्यावरून उसळलेलं ऊन छतावर हलत होतं. दुखण्यावरच्या गोळीमुळे डोळे जड झाले होते. या घराचं छत त्याने पंधरा वर्षांत रंगवलं नव्हतं. लोकांची रंगवण्यातून वेळ मिळाला नव्हता.

“तेव्हा तू कुणाकडे बघत होतास?” त्याने विचारलं. महिन्यात पहिल्यांदाच.

धाकट्याने टॉवेलचं टोक सारखं केलं. मग म्हणाला, “कुणीतरी हाक मारली असं वाटलं.”

“कोण होतं?”

“कुणीच नाही. मागचं दार उघडं होतं आणि बाहेर रस्ता नुसता रिकामा.” त्याने मान खाली घातली. “हे कुणाला सांगणार? कुणी मारलीच नाही अशा हाकेपायी भावाला पाडला, म्हणून?”

 छतावरचं ऊन एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेलं.

“मलाही होतं तसं,” तो म्हणाला. “वर, शिडीवर. रंग ओला असला आणि घर रिकामं असलं की कुणीतरी नावानं बोलावतं.”

“मग?”

“मग काय. मीही वळून बघतो.”

धाकट्याने वर पाहिलं. दादा चेष्टा करत नव्हता. त्याचे डोळे अर्धे मिटले होते.

“कर,” रंगारी म्हणाला. “पहिल्यापासून मोज.”

धाकट्याने कोपराखाली तळवा सरकवला. एक. दोन. तिसऱ्याला हात अजून हलकाच होता. चौथ्याला रंगाऱ्याने खांद्यातून एक लांब श्वास सोडला. पाचव्याला त्याला वाटलं, आपण एका मोठ्या खोलीत आहोत. खोलीला भिंती नाहीत, नुसतं छत आहे, ओलं, निळसर. हात आपोआप वर जातोय आणि जिथे जातोय तिथे रंग लागतोय. ब्रश नाही, डबा नाही, मान अवघडलेली नाही. आकडे कुठूनतरी खालून, पाण्यातून आल्यासारखे येत होते. सात. आठ.

“केवढा जड झालास रे,” धाकटा पुटपुटला.

दहाव्याला हात छताकडे सरळ झाला. तो खाली आणायचा होता, पण धाकट्याला धीर होईना. दोन्ही तळव्यांवर तो भार घेऊन तो तसाच उभा राहिला.

दार वाजलं. चपला काढल्याचा आवाज, मग वहिनीचा.

“झालं नाही अजून? ठेव की हात खाली.”

“हळू बोल, वहिनी. झोप लागलीय त्याला. हलवला तर जाग येईल.”

रंगारी जागा होता. तसं सांगावं असं त्याच्या मनात आलं, पण ते निळसर छत अजून बरंच रंगवायचं उरलं होतं. त्याला खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि बायको अगदी हळू आवाजात धाकट्याला म्हणाली, “मग तू तरी बस. किती वेळ उभा राहणार?”